म्हसोबापाशी अडणारी फटफटी

"ओढा! अजून जोरात! हं, निघाली!"

बन्सीने खांद्यावरचा दोर ताणला, मागून मुंजाने पाठ लावून रेटा दिला आणि आबासाहेबांच्या कापसाच्या वखारीतून ती मोटारसायकल धुळीचा लोट उडवत उजेडात आली.

"अगं आई गं! उंदीर!" कमल किंचाळली.

बैठकीखालच्या स्प्रिंगांत उंदराने कापसाचं चांगलं मऊ घरटं बांधलं होतं. तो टुणकन उडाला आणि थेट आबासाहेबांच्या जोड्यांवरून पळाला! पोरं खो खो हसली. आबासाहेब मात्र मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "उंदीर राहिला म्हणून काय झालं? गाडी नवीकोरी आहे, डॉक्टर! टायरांवरची नक्षी बघा. झिजलीय का कुठं? अहो, मी फिरवलीच किती! एकदा दसऱ्याला, नि दोन-चारदा जिंतूरच्या रस्त्यानं. बस्स!"

"मग इतकी वर्षं ठेवून का दिलीत?" डॉक्टर दिनकररावांनी विचारलं.

"अं? कंबर! कंबर धरली हो माझी."

"काल तर घोड्यावर बसून आले होते," कमल बन्सीच्या कानाशी कुजबुजली.

"शू! गप्प!" बन्सी म्हणाला. ही गाडी आपल्या काकांना मिळू नये असं काहीही त्या क्षणी त्याला ऐकायचं नव्हतं.

बन्सीधर बारा वर्षांचा, कमल त्याच्याहून धाकटी. परभणीच्या शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली की भावंडं झरीला काकांकडे येत. दिनकरराव हैदराबादला शिकून आलेले, आणि आसपासच्या सगळ्या गावांना तेवढे एकच डॉक्टर. निजामाच्या राज्यात तेव्हा खेड्यांना डॉक्टर कसला आणि रस्ता कसला! बोरीकडच्या एखाद्या वस्तीवर कुणी आजारी पडलं की काका बैलगाडीत बसून निघत आणि ते पोचेपर्यंत पुष्कळदा रोगी बरा तरी झालेला असे, नाहीतर काकांची गरजच उरलेली नसे. म्हणून त्यांना फटफटी हवी होती. सौदा त्याच दुपारी झाला.

काकांची बैलगाडी लिंबाजीमामा हाकत. मुंजाजी हा त्यांचा मुलगा. बन्सीच्याच वयाचा, पण झाडावर चढण्यात आणि विहिरीत सूर मारण्यात बन्सीच्या दोन इयत्ता पुढे. सुटीभर हे तिघं एकमेकांना चिकटलेले असत.

मग काय, काकांच्या गोठ्याशेजारची पडवी म्हणजे कारखाना झाली! काका सदऱ्याच्या बाह्या वर सारून बसत आणि पोरं हाताखाली. कमलने दिव्यातली कोळ्याची जाळी काढली. मुंजाने साखळी एरंडेलात भिजत घातली. बन्सीने काजळीने काळा झालेला प्लग वाळूच्या कागदाने घासून लख्ख केला. चिरा पडलेल्या ट्यूबा लिंबाजीमामांनी परभणीच्या सायकलवाल्याकडून जोडून आणल्या आणि येताना स्टेशनवरून पेट्रोलचा मोठा डबाही गाडीत घालून आणला.

"पन ह्या टोपनावर चांदी कामून लावली?" मुंजाने टाकीचं टोपण पुसता पुसता विचारलं. टोपणावर चांदीचं वाटोळं फूल बसवलेलं होतं.

"श्रीमंती, बाबा! आबासाहेबांच्या हुक्क्यालासुद्धा चांदी आहे," काका हसले. "चला, व्हा बाजूला!"

त्यांनी टाकीत थोडं पेट्रोल ओतलं आणि लाथ मारली. काही नाही. पुन्हा मारली. फुर्र... आणि मग एकदम फट्! फट्! फटफटफट! कोंबड्या छपरावर उडाल्या, गोठ्यातल्या बैलांनी दावी ताणली, नर्मदाकाकू हातात लाटणं घेऊनच बाहेर धावल्या! काकांनी अंगणात एक चक्कर मारली आणि लहान पोरासारखे ओरडले, "उद्या सकाळी बोरी! मी स्वतः!"

ती दुपार बन्सीला पुढे कितीतरी दिवस डोळे मिटले की दिसायची.

ऊन रणरणत होतं. घरदार जेवून आडवं झालं होतं. बन्सी हळूच पडवीत गेला. फक्त बसायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. बसला. मग वाटलं, एकदा लाथ मारून बघावी. टाकीत पेट्रोल अगदी कमी होतं. मग वाटलं, थोडंसं ओतावं. डबा जड होता, हात घामेजलेले होते. डबा निसटला, आडवा झाला आणि भळाभळा पेट्रोल मातीच्या जमिनीवर सांडलं! त्याने डबा उभा करेपर्यंत कोरड्या जमिनीने ते पिऊनही टाकलं होतं.

डब्यात जेमतेम निम्मं उरलं होतं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात कंदिलासाठी आणलेलं घासलेट होतं. त्याने ते पेट्रोलच्या डब्यात ओतलं, डबा होता तेवढा भरला, जमिनीवर शेणकूट पसरलं आणि हातपाय धुऊन चटईवर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्याच डब्यातून टाकी काठोकाठ भरली. गाडी सुरू झाली, पण मागून काळा धूर निघाला. "जुनी आहे, खोकणारच!" म्हणत काका निघाले. सारं गाव वेशीवर जमलं होतं.

थोड्याच वेळात एक गुराखी धावत आला. "डाक्टरसाबाची फटफटी म्हसोबापाशी बंद पडली!"

गावाबाहेर जिंतूरच्या रस्त्याला बाभळीखाली शेंदूर फासलेला म्हसोबा होता. तिथे काका लाथा मारमारून घामाघूम झाले होते. शेवटी लिंबाजीमामांनी बैल जुंपून गाडी घरी ओढून आणली. काकांनी टाकीचं टोपण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं, एक लाथ मारली आणि फटफटफट! गाडी सुरू! सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले.

पुन्हा निघाले. पुन्हा म्हसोबापाशी बंद.

"म्हसोबाला फटफटी चालत न्हाई," गावात बोललं जाऊ लागलं.

काकांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांनी डब्यातलं थोडं पेट्रोल बशीत घेतलं, बोटावर चोळलं, नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला. "यात घासलेट आहे! लिंबाजी, इकडे ये!"

दवाखान्याच्या ओट्यावर रोगी बसले होते, रस्त्यावर माणसं उभी होती. लिंबाजीमामा डोक्याचा रुमाल सावरत आले.

"डबा परभणीहून कोणी आणला?"

"म्या आनला, डाक्टरसाब."

"मग निम्मं पेट्रोल वाटेत विकून वर घासलेट कोणी भरलं?"

लिंबाजीमामांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. मग म्हणाले, "डब्याला म्या हात लावला तो चढवायला आन् उतरवायला. पाप डोक्यावर घालू नगा."

"उद्यापासून येऊ नकोस. पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांकडे वर्दी देत नाही, एवढंच नशीब समज!"

बन्सी दारातच उभा होता. आता बोल, आता बोल, असं कुणीतरी आतून ढोसत होतं. त्याने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. लिंबाजीमामांची नजर एकदा त्याच्याकडे वळली. मग त्यांनी हातातला आसूड खांबाला टेकवून ठेवला, दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते निघून गेले.

"बन्सी, दूध घ्यायला ये रे!" आतून काकूंची हाक आली आणि बन्सी आत गेला.

काकांनी टाकी रिकामी केली आणि नव्या पेट्रोलचा डबा मागवला. या वेळी धूर नव्हता. गाडी कशी वाऱ्यासारखी निघाली! आणि म्हसोबापाशी बंद पडली. काकांना पुढच्या वस्तीवर तापाने फणफणलेल्या एका लेकराकडे जायचं होतं. ते औषधाची पेटी डोक्यावर घेऊन भर उन्हात चालत गेले.

ते कळल्यावर बन्सीला आधी हायसं वाटलं. म्हणजे गाडी आपल्या घासलेटामुळे बंद पडत नव्हती! पण दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःचीच शिसारी आली. गाडी कशानेही बंद पडो, लिंबाजीमामांना चोर ठरवलं होतं ते घासलेटामुळेच.

संध्याकाळी मुंजा आला. अंगणात न येता कुंपणापाशीच उभा राहिला.

"बन्सी, माझ्या बापानं काई चोरलं न्हाई."

"मला... मला माहीत आहे," बन्सी म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"म्हणजे... लिंबाजीमामा तसे नाहीतच ना!"

मुंजाचे डोळे भरून आले. "तू तरी म्हनलास! गावातली पोरं लय चिडवायलीत. म्या ठरवलंय, ही फटफटी कामून अडती ते हुडकून काढायचं. मंग डाक्टरसाब बापाला परत बोलवतील. तू संगं येशील?"

"मी पण!" कमल घरातून धावत आली. बन्सीने नुसती मान हलवली. मुंजाने विश्वासाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. तो हात बन्सीला निखाऱ्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा निघाले तेव्हा ही तिघं आधीच बाभळीखाली दबा धरून बसली होती. गाडी फटफटत आली, खोकली, आचके दिले आणि थेट त्यांच्यासमोर थांबली! काकांनी कपाळावर हात मारला. "पोरांनो, गाडीकडे लक्ष ठेवा. बैल घेऊन येतो."

काका दिसेनासे होताच कमल म्हणाली, "पेट्रोल आहे का ते तरी बघू." तिने चांदीचं टोपण फिरवलं.

फुस्स्स!

"साप!" बन्सी मागे उडाला.

"म्हसोबा फुसकारला!" मुंजा बाभळीवर अर्धा चढलासुद्धा!

"भित्रे कुठले!" कमल जागची हलली नव्हती, पण तिचाही आवाज कापत होता. "आवाज टाकीतून आला. कुणीतरी आत श्वास ओढल्यासारखा." टाकीत पेट्रोल डुचमळत होतं. तिने टोपण लावून टाकलं. तिघांनाही त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला तो स्वयंपाकघरात! काकूंनी गोड्या तेलाचा नवा डबा काढला होता. त्यांनी एका कोपऱ्यात खिळ्याने भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल जरा आलं, गचके खाल्ले आणि थांबलं.

"कमल, पलीकडच्या कोपऱ्यात अजून एक भोक पाड बाई. वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येणार?"

कमलने हातोडी उचलली आणि तशीच थबकली. "वारा आत गेल्याशिवाय..." ती पुटपुटली आणि हातोडी टाकून पळत सुटली. "बन्सीदादा! मुंजा! लवकर या! सापडलं!"

"अगं, माझं तेल!" काकू ओरडत राहिल्या.

पडवीत तिने धापा टाकत सांगितलं, "टाकीत वारा जायला वाट नाही! पेट्रोल थोडा वेळ येतं, मग थांबतं. घरी आणली की काका दर वेळी टोपण उघडून बघतात, वारा आत जातो आणि गाडी सुरू होते! म्हसोबापाशी ते उघडतच नाहीत. कारण टाकी भरून निघालेले असतात!"

मुंजाने टोपण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला बारीक खळगी दिसत होती. वरच्या बाजूला नेमक्या त्याच जागी चांदीचं फूल! "हितं भोक असनार! आन् ही चांदी त्याच्या नरड्यावर बसली!"

"नक्की कसं कळणार?" बन्सी म्हणाला.

"इचारू की! पन आबासाहेब सरळ सांगायचे न्हाईत."

"सरळ विचारायचंच नाही," कमल म्हणाली.

आबासाहेब झोपाळ्यावर बसून पान लावत होते. कमलने नमस्कार केला आणि साखरेसारख्या आवाजात म्हणाली, "आबासाहेब, आमच्या गाडीवरचं चांदीचं फूल किती सुंदर आहे हो! कोणी केलं?"

आबासाहेबांची कळी खुलली. "बघा, पोरीला पारख आहे! गाडी आणली त्याच आठवड्यात सोनाराला घरी बसवून करून घेतलं. मधोमध एक भोक होतं, गबाळं दिसायचं. म्हटलं, बुजवून टाक!"

"वा! आन् म्हसोबापाशी बंद पडायची ती तवापासूनच का त्याच्या आधीबी?" मुंजाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आधी कुठं? चांगली बोरीपर्यंत गेलो होतो! त्यानंतरच मेली दर खेपेला..." आबासाहेबांनी जीभ चावली. पान हातातच राहिलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!" तिघं एकदम ओरडली. "आणि काकांना कंबर सांगितलीत!"

मग उशीर कसला! काकांना सारं सांगितलं. काका आधी हसले, मग टोपण हातात घेऊन उलटसुलट पाहू लागले. मुंजाने पोती शिवायच्या दाभणाने चांदीचं फूल उचकटलं आणि बुजलेलं भोक मोकळं केलं. काका गाडीवर बसले. अर्धं गाव मागे धावलं. म्हसोबा आला... आणि गेला! फटफटी बाभळीखालून तशीच पुढे, वळणापलीकडे, थेट दिसेनाशी झाली! काका बोरीला जाऊन परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात तिथल्या लोकांनी घातलेला झेंडूचा हार होता.

"शाब्बास!" त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "मी एवढा शिकलेला, पण टोपणाकडे बघितलं नाही. ह्या पोरांनी बघितलं!" काकूंनी लाडू आणले. शरमलेले आबासाहेबही येऊन "माझंच चुकलं, डॉक्टर," म्हणाले. लोक बन्सीच्या पाठीवर थाप मारत होते आणि प्रत्येक थापेबरोबर त्याची मान खाली जात होती. हातातला लाडू त्याने चाखलाही नव्हता.

मुंजा पुढे झाला. "डाक्टरसाब, आता माझ्या बापाला परत बोलवा ना! गाडी त्याच्यामुळं बंद पडत न्हवती."

काकांचं हसू मावळलं. "मुंजा, तू गुणाचा आहेस. पण डब्यातलं घासलेट काही ह्या टोपणामुळे आलं नव्हतं, बाळा. ती गोष्ट निराळी."

मुंजाने खाली पाहिलं. पुसायचं फडकं त्याच्या हातातून गळून पडलं.

"घासलेट मी ओतलं," बन्सी म्हणाला.

गलक्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. हीच शेवटची पळवाट होती, आणि क्षणभर त्याला ती दिसलीही. मग त्याने जोरात श्वास घेतला.

"काका! घासलेट मी ओतलं! माझ्या हातून पेट्रोल सांडलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून डबा भरून ठेवला. लिंबाजीमामांना तुम्ही बोललात तेव्हा मी दारातच होतो. आणि गप्प बसलो!"

कमलने तोंडावर हात ठेवला. मुंजा बन्सीकडे असा बघत होता जणू तो कुणी अनोळखी मुलगा आहे. "तू म्हनला व्हतास, तुला माहीत हाय," तो हळू म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

काका रागावले नाहीत. ते ओट्याच्या पायरीवर बसले आणि गळ्यातला हार काढून हातात कुस्करू लागले. "तू गप्प बसलास," ते म्हणाले, "आणि मी विचारलंसुद्धा नाही. वास आला नि निकाल देऊन मोकळा झालो. ऊठ. दोघांनी जायचंय."

लिंबाजीमामा घराच्या छपरावर बसून जुन्या तुराट्या उपसत होते. पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचं होतं. काकांनी खालूनच हात जोडले आणि आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लिंबाजी, मी चुकलो. तू चोरी केली नाहीस. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच माफी मागतो."

लिंबाजीमामा खाली उतरले. "डाक्टरसाब, गावातलं लेकरू लेकरू मला घासलेटवाला म्हनायलंय. माझी चतुराबाई पान्याला जायची थांबली." मग ते बन्सीकडे वळले. "तू दारात व्हतास. मला वाटलं व्हतं, हे पोरगं काईतरी बोलंल."

बन्सीला रडू फुटलं. "मी भ्यालो होतो, मामा."

"भेव समद्यांनाच वाटतं. आज बोललास, बरं केलंस. पन लय उशीर केलास, बाळा." ते काकांना म्हणाले, "बैलांसाठी येईन म्या. त्या फटफटीला मातर हात लावनार न्हाई!"

काका हसले, पण त्यांचे डोळे ओले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी कुणी न सांगता लिंबाजीमामांच्या घरी गेला आणि अंगणातला तुराट्यांचा भारा उचलू लागला. मुंजा छपरावर होता. त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं. बन्सी भारे वर देत राहिला. तळहात सोलवटले, मान उन्हाने भाजली, तरी तो थांबला नाही. मुंजाही न बोलता भारे घेत राहिला. दुपार झाली. एक भारा उचलताना तुराटीचं टोक बन्सीच्या चेहऱ्यापाशी आलं.

"ए, सांभाळ! डोळ्यात जाईल!" मुंजा वरून ओरडला.

बन्सी जागीच थांबला. मुंजाही थांबला. मग मुंजा खेकसला, "बघतोस काय? दे की वर!"

चतुराबाईंनी आतून ताकाचे दोन लोटे आणले. लिंबाजीमामांनी छपराची नवी कड हाताने दाबून पाहिली, खाली सोलवटलेल्या हातांनी लोटा धरून उभ्या राहिलेल्या बन्सीकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "पोरगं कामाचं हाय. संध्याकाळपत्तर होतंय आपलं छप्पर."